थ्रेड थांबवायचा, पण हात मोकळे झाल्यावर

भोसरी, चिखली, तळवडे, चाकण, महाळुंगे. या पट्ट्यातल्या पुष्कळ शॉपमध्ये आता मशीनशेजारी एक औद्योगिक संगणक बसवलेला दिसतो. पीएलसीकडून आकडे घ्यायचे, पीस मोजायचे, सायकल टाइम काढायचा आणि सुपरवायझरला स्क्रीनवर ओईई दाखवायचा, हे त्याचं काम. असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना कधी ना कधी शॉपमधून एक साधीशी मागणी येते : "जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग थांबलं पाहिजे. सुट्टी संपली की पुढे चालू. एक पॉजचं बटण द्या."

मागणी साधी आणि उपायही हाताशी असल्यासारखा वाटतो. विंडोजमध्ये सस्पेंडथ्रेड आणि रिझ्यूमथ्रेड ही फंक्शनं तयार आहेत. एका ओळीत थ्रेड थांबतो, दुसऱ्या ओळीत चालू होतो. डेमोत सगळं झकास चालतं. मग एखाद्या रात्री थर्ड शिफ्टमधून फोन येतो : स्क्रीन अडकलीय, एकही बटण दबत नाही, मशीन मात्र चालू आहे.

तो फोन टाळायचा असेल तर एक नियम पाळा. चालत्या थ्रेडला बाहेरून जिथल्या तिथे गोठवू नका. त्याला थांबायला सांगा. हातातलं काम खाली ठेवून तो आपण होऊन थांबेल अशी सोय करा. हे का आणि कसं करायचं, ते क्रमाने पाहू.

पॉज दाबला आणि स्क्रीन गोठली

समजा, आपल्या प्रोग्राममध्ये तीन थ्रेड आहेत. 'वाचक' दर २०० मिलिसेकंदांनी मॉडबसवरून पीएलसीची रजिस्टरं वाचतो. 'लेखक' ते आकडे लॉग फाइलमध्ये उतरवतो. 'पडदा' स्क्रीन आणि बटणं सांभाळतो. लॉग फाइलमध्ये लेखकही लिहितो आणि पडदाही, म्हणून तिला एक लॉक आहे. ज्याच्याकडे लॉक, त्यानेच लिहायचं.

लेखकाने लॉक घेतलं आणि ओळ लिहायला सुरुवात केली : मशीन ७, पीस ४१२, वेळ... ओळ अर्धी असतानाच ऑपरेटरने पॉज दाबला. पडद्याने लेखकाला सस्पेंड केलं. लेखक तिथेच गोठला, लॉक त्याच्याचकडे राहिलं. आता पडद्याला 'पॉज झाला' अशी नोंद लॉगमध्ये करायची आहे. त्यासाठी तो लॉक मागतो आणि वाट पाहत बसतो. लेखकाला जागं करणारं रिझ्यूमचं बटण ज्या स्क्रीनवर आहे, तीच स्क्रीन लेखकाच्या हातातल्या लॉकसाठी खोळंबलेली आहे. दोघंही आता कधीच हलणार नाहीत. यालाच डेडलॉक म्हणतात.

असा दोष डेमोत का दिसत नाही, याचा हिशेब सोपा आहे. लेखक दर २०० मिलिसेकंदांपैकी २ मिलिसेकंद लॉक धरत असेल, तर पॉज नेमका त्या वेळात पडण्याची शक्यता शंभरात एक. ऑफिसमध्ये तुम्ही दहा-बारा वेळा बटण दाबून पाहता आणि खूश होता. शॉपवर २० मशीन, प्रत्येक शिफ्टला दोन पॉज आणि तीन शिफ्ट धरल्या तर दिवसाला १२० वेळा बटण दबतं. म्हणजे सरासरी रोज एक मशीन अडकणार, आणि रोज वेगळं.

लॉक तुम्ही लिहिलेलं नसलं तरी

"माझ्या कोडमध्ये लॉकच नाही" असं म्हणून सुटता येत नाही. सी किंवा सी++ मध्ये मेमरी मागताना अ‍ॅलोकेटर आतून लॉक घेतो. स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडली तरी मेमरी लागते. त्या क्षणी थ्रेड सस्पेंड झाला, तर पुढे मेमरी मागणारा दुसरा थ्रेडही अडकू शकतो. स्क्रीनवर छापणाऱ्या फंक्शनला आतलं लॉक असतं, विंडोजमध्ये डीएलएल चढवतानाही असतं. यातलं काहीच तुमच्या कोडमध्ये डोळ्यांना दिसत नाही.

डेटाबेस असेल तर नुकसान त्या संगणकापुरतं राहत नाही. ट्रान्झॅक्शन उघडं असताना थ्रेड गोठला, तर त्याने धरलेल्या नोंदी जेवणाचा अर्धा तास तशाच अडकून राहतात आणि त्याच टेबलात लिहू पाहणारी शेजारची मशीनं रांगेत उभी राहतात. लॉक कुठेच नसलं तरी अर्धवट माहितीचा धोका उरतोच. पीसचा आकडा वाढला, वेळ अजून जुनीच आहे, अशा अवस्थेत थ्रेड गोठला की रिपोर्ट काढणारा थ्रेड तीच विजोड जोडी खरी मानून पुढे जातो.

भाषांनी हा रस्ता का बंद केला

हा धोका जुना आणि ओळखीचा आहे. जावाने १९९८ मध्ये आलेल्या जेडीके १.२ मध्येच थ्रेडची सस्पेंड, रिझ्यूम आणि स्टॉप ही फंक्शनं 'वापरू नयेत' अशी ठरवली. तरी ती भाषेत बरीच वर्षं टिकून होती. २०२३ च्या जावा २० पासून ती वापरली की थेट एक्सेप्शन येऊ लागलं आणि २०२४ च्या जावा २३ मध्ये सस्पेंड-रिझ्यूमची जोडी काढूनच टाकली. डॉटनेटने फ्रेमवर्क २.० पासून ती कालबाह्य ठरवली. नंतरच्या डॉटनेट कोरमध्ये ती चालतच नाहीत. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या पोसिक्स थ्रेडच्या मानकात अशी सोय नाही. सी++ आणि पायथनच्या प्रमाणित थ्रेडमध्येही ती नाही.

विंडोजमध्ये सस्पेंडथ्रेड अजून आहे, पण ते मुख्यतः डीबगरसाठी आहे, थ्रेडमधला ताळमेळ राखण्यासाठी नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातच म्हटलं आहे. शिवाय विंडोज सस्पेंडची मोजणी ठेवतं. दोनदा सस्पेंड केलं आणि एकदाच रिझ्यूम केलं, तर थ्रेड झोपलेलाच राहतो. घाईत दोनदा दाबलेलं बटण एवढ्यानेही घात करतं.

फीड होल्डकडे पाहा

चांगला पॉज कसा असतो, हे आपल्याच शॉपमधल्या व्हीएमसीवर पाहायला मिळतं. मिलिंग चालू असताना फीड होल्ड दाबला की अक्ष थांबतात, स्पिंडल फिरत राहतं, सायकल स्टार्ट दिला की काम पुढे सरकतं. पण जी८४ ने टॅपिंग चालू असेल तर फानुकचा कंट्रोल फीड होल्ड लगेच अमलात आणत नाही. टॅप भोकात असताना स्पिंडलचं फिरणं आणि झेड अक्षाची चाल एकमेकांना बांधलेली असतात. मध्येच झेड थांबला आणि स्पिंडल फिरत राहिलं, तर टॅप तुटणार आणि जॉब वाया जाणार. म्हणून बटण दाबल्याची नोंद होते, पण टॅप भोकातून बाहेर आल्यावरच मशीन थांबतं.

बटण कधी दाबायचं ते ऑपरेटर ठरवतो, मशीन कुठे थांबणार ते कंट्रोल ठरवतो. थ्रेडलाही हीच वाटणी लावायची आहे.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : सॉफ्टवेअरमधला पॉज म्हणजे इमर्जन्सी स्टॉप नव्हे. माणसाच्या सुरक्षेशी संबंध असलेलं थांबणं तारेने जोडलेल्या सेफ्टी सर्किटमधूनच व्हायला हवं. ते संगणकावरच्या थ्रेडच्या भरवशावर कधीही सोडू नका.

पॉज लिहिण्याची पद्धत

१. मागणी आणि प्रत्यक्ष थांबणं वेगळं ठेवा. थ्रेडच्या अवस्था स्पष्ट लिहा : चालू, थांबायचं आहे, थांबला, बंद व्हायचं आहे. पडद्याने फक्त 'थांबायचं आहे' असं नोंदवायचं. 'थांबला' ही नोंद त्या थ्रेडने स्वतः करायची. तोवर स्क्रीनवर 'थांबत आहे' असं दाखवा. 'पॉज झाला' असं आधीच दाखवलंत तर ऑपरेटर त्यावर विश्वास ठेवून केबल काढायला जाईल.

२. थांब्याची जागा नेमा. बहुतेक वेळा ही जागा लूपच्या सुरुवातीला सापडते : मागची नोंद पूर्ण झाली आहे, पुढची उचललेली नाही, लॉक हातात नाही, ट्रान्झॅक्शन उघडं नाही. काम लांबलचक असेल, उदाहरणार्थ महिन्याभराचा रिपोर्ट, तर त्याचे तुकडे करा आणि दोन तुकड्यांच्या मध्ये थांबा ठेवा. थांबे जितके जवळ, तितका पॉज चटकन लागू होतो.

३. वाट पाहताना प्रोसेसर जाळू नका. 'अजून थांबायचंय का' असं विचारत रिकामा लूप फिरवला तर एक कोअर शंभर टक्के व्यापला जातो. त्याऐवजी कंडिशन व्हेरिएबल किंवा इव्हेंट वापरा. कंडिशन व्हेरिएबलवरून थ्रेड कधीकधी कारण नसतानाही जागा होतो, म्हणून जाग आल्यावर अट पुन्हा तपासलीच पाहिजे. तपासणी 'जर'मध्ये नको, 'जोवर'च्या लूपमध्ये हवी.

४. फ्लॅग उघड्यावर ठेवू नका. एक थ्रेड लिहितो आणि दुसरा वाचतो असा साधा बूलियन असेल, तर कंपायलर तो एकदाच वाचून पुढे जुनीच किंमत धरून चालू शकतो. जावात तो व्होलाटाइल करा, सी++ मध्ये अ‍ॅटॉमिक, नाहीतर लॉकच्या आतच वाचा-लिहा. सी++ मधला व्होलाटाइल या कामाचा नाही, जावा आणि सी++ मधला हा फरक विसरू नका.

५. अडकणाऱ्या कॉलना मुदत द्या. वाचक थ्रेड सॉकेटवर उत्तराची वाट पाहत बसला असेल आणि पीएलसी बंद असेल, तर तो थांब्यापर्यंत पोचणारच नाही. वाचण्याला ५०० मिलिसेकंदांसारखी मुदत ठेवा. मुदत संपली की लूप पुन्हा वर येतो आणि थांब्याशी आपसूक भेट होते.

६. थांबलेल्या थ्रेडला बंद होण्याची वाट ठेवा. पॉज चालू असतानाच कोणीतरी प्रोग्राम बंद करतो, ही नेहमीची गोष्ट. झोपलेला थ्रेड 'चालू' या एकाच निरोपाची वाट पाहत असेल, तर प्रोग्राम बंद होताना लटकतो. त्याची झोप 'चालू व्हा' आणि 'बंद व्हा' या दोन्ही निरोपांनी मोडली पाहिजे.

७. कारणांची यादी ठेवा. ऑपरेटरने पॉज दिला, तेवढ्यात रात्रीच्या बॅकअपनेही दिला. बॅकअप संपला म्हणून त्याने थ्रेड चालू करून दिला, तर ऑपरेटरचा पॉज परस्पर मोडला. एकच फ्लॅग असेल तर हे हमखास होतं. म्हणून 'ऑपरेटर', 'बॅकअप', 'पीएलसी तुटला' अशी कारणं एका संचात ठेवा. संच रिकामा झाला तरच थ्रेड पुढे जाईल. यात कोणी दोनदा पॉज दाबला तरी बिघडत नाही, कारण तेच कारण संचात दुसऱ्यांदा जात नाही.

साधनं भाषेगणिक बदलतात. सी-शार्पमध्ये मॅन्युअलरीसेटइव्हेंटस्लिम या कामाला चोख बसतो. त्याच्या वेटला कॅन्सलेशनटोकन दिलात की सहावा मुद्दाही निकालात निघतो. जावात लॉक आणि त्यावरची कंडिशन, किंवा वेट आणि नोटिफायऑल. सी++ मध्ये कंडिशन व्हेरिएबलला अट सोबत द्या; सी++२० मधले जेथ्रेड आणि स्टॉपटोकन बंद करण्याचं काम सोपं करतात. पायथनमध्ये थ्रेडिंगचा इव्हेंट पुरतो, मात्र बंद करताना आधी बंदचा फ्लॅग लावा, मग इव्हेंट सेट करा. क्रम उलटा झाला तर थ्रेड जागा होऊन पुन्हा कामाला लागेल.

पुन्हा चालू करताना

थांबवण्याची काळजी सगळे घेतात, चालू करताना मात्र ढिलाई होते. अर्ध्या तासाने जागा झालेल्या थ्रेडभोवतीचं जग बदललेलं असतं. पीएलसीने रिकामं कनेक्शन तोडलेलं असू शकतं, डेटाबेसचं कनेक्शनही मुदत संपून गेलेलं असू शकतं. म्हणून जाग आल्यावर पहिलं काम कनेक्शन तपासण्याचं.

दुसरं काम वेळेचं. सायकल टाइम 'आत्ताची वेळ वजा मागच्या पीसची वेळ' असा काढत असाल, तर सुट्टीनंतरचा पहिला पीस तीस मिनिटांचा दिसेल आणि त्या शिफ्टचा ओईई कोसळेल. पॉज कधी लागला आणि कधी उठला या दोन्ही वेळा लॉगमध्ये लिहा आणि तो काळ हिशेबातून वगळा. सुट्टीनंतरचं पहिलं रीडिंग सायकल टाइमसाठी धरू नका, तिथून नवी सुरुवात करा. कालावधी मोजायला भिंतीवरच्या घड्याळाची वेळ घेऊ नका. संगणकाची वेळ कोणी दुरुस्त केली की ती मागेपुढे होते, म्हणून मोनोटॉनिक घड्याळ वापरा.

तिसरं, वीज. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, मेंटेनन्ससाठी वीजही जाते. पॉज असताना वीज गेली, तर शुक्रवारी सकाळी प्रोग्रामने पॉजमध्ये उठायचं की चालू? याचं उत्तर कारखान्याला विचारून ठरवा आणि पॉजची कारणं डिस्कवर लिहून ठेवा. न ठरवता सोडलंत तर शुक्रवारची पहिली शिफ्ट रेकॉर्डिंगविनाच जाईल आणि ते दुपारी लक्षात येईल.

ईसीयू आणि छोट्या बोर्डांवर

हा वाहन उद्योगाचा पट्टा असल्याने बरेच वाचक संगणकाऐवजी मायक्रोकंट्रोलरवर काम करत असतील. फ्रीआरटॉसमध्ये व्हीटास्कसस्पेंड आणि व्हीटास्करिझ्यूम आहेत. विंडोजसारखी मोजणी इथे नाही. कितीही वेळा सस्पेंड केलं तरी एका रिझ्यूमने टास्क उठतो. एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना हा फरक अडचणीत आणतो.

इंटरप्टमधून रिझ्यूम करणं त्याहून नाजूक. टास्क सस्पेंड होण्याच्या जरा आधी इंटरप्ट आला, तर तो रिझ्यूम वाया जातो, कारण त्याची कुठेच नोंद राहत नाही. नंतर टास्क झोपतो तो झोपतोच. सेमाफोर किंवा टास्क नोटिफिकेशन वापरलंत तर आधी आलेला निरोप जपून ठेवला जातो आणि टास्क वाट पाहायला आला की लगेच मिळतो.

म्युटेक्स धरलेला टास्क सस्पेंड केलात तर प्रायॉरिटी इनहेरिटन्सही वाचवत नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक वारंवार रीसेट होत होता, तेव्हा म्युटेक्स धरलेल्या खालच्या टास्कला वरची प्रायॉरिटी मिळेल अशी सोय चालू केली आणि प्रश्न सुटला. तो टास्क चालायला तयार होता, त्याला फक्त पाळी मिळत नव्हती. सस्पेंड केलेल्या टास्कची प्रायॉरिटी कितीही वाढवा, तो चालणारच नाही.

ऑटोसार आणि त्याआधीच्या ओसेक या वाहनांसाठीच्या मानकांनी हा प्रश्न मुळातच कापला आहे. एका टास्कने दुसऱ्याला मध्येच सस्पेंड करावं अशी सेवाच त्यांच्यात नाही. एक्स्टेंडेड टास्क स्वतः वेटइव्हेंट करून थांबतो, दुसरा टास्क किंवा इंटरप्ट सेटइव्हेंटने त्याला उठवतो. आणि रिसोर्स हातात धरून वेटइव्हेंट करणं ही मानकाच्या लेखी चूक आहे. तपासणी चालू असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम एरर परत करते. तिथे 'सस्पेंडेड' ही अवस्था आहे, पण तिचा अर्थ टास्क सुरू झालेला नाही किंवा संपला आहे, एवढाच. त्याला पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट केलं तर तो पहिल्या ओळीपासून चालतो. फ्रीआरटॉसवरून आलेल्यांची इथे हमखास फसगत होते.

वॉचडॉगचाही विचार करा. प्रत्येक टास्कने 'मी जिवंत आहे' असं कळवायचं असेल, तर पॉजमधल्या टास्ककडून तो निरोप येणार नाही आणि बोर्ड रीसेट होईल. देखरेख करणाऱ्या टास्कला 'हा मुद्दाम थांबला आहे' हे कळायची सोय हवी.

बाहेरून थांबवणं कुठे चालतं

डीबगर थ्रेडला बाहेरून गोठवतो, ते रास्त आहे. तो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि गोठलेल्या प्रोग्रामच्या लॉकवर अवलंबून नसतो. थ्रेड सस्पेंड अवस्थेतच जन्माला घालून, सगळी तयारी झाल्यावर चालू करणंही चालतं, कारण त्याने अजून काहीच हातात घेतलेलं नसतं. जावाचा गार्बेज कलेक्टर सगळे थ्रेड थांबवतो, पण तोही त्यांना सेफपॉइंट नावाच्या ठरलेल्या जागी पोचू देतो. भाषा चालवणारी यंत्रणा जो नियम पाळते, तो आपल्या लॉगिंगच्या प्रोग्रामने मोडायचं काही कारण नाही.

चाचणी आणि जुना कोड

पॉजची चाचणी हाताने करू नका. एक छोटा थ्रेड लिहा जो अनियमित अंतराने पॉज आणि रिझ्यूम देतो, आणि तो रात्रभर चालू ठेवा. अधूनमधून पीएलसीची केबल काढा, पॉजमध्ये असतानाच प्रोग्राम बंद करा. पॉज मागितल्यापासून ठरलेल्या मुदतीत 'थांबला' ही नोंद आली नाही, तर प्रोग्रामने स्वतः तशी तक्रार लॉगमध्ये लिहावी. अडकलेला प्रोग्राम घाईने रीस्टार्टही करू नका. आधी सगळ्या थ्रेडचे स्टॅक उतरवून घ्या : जावात जेस्टॅक, लिनक्सवर जीडीबी, विंडोजवर डंप फाइल. कोण कोणत्या लॉकवर थांबला आहे, ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

जुन्या कोडमध्ये सस्पेंडचे कॉल असतील तर सगळे एकदम उपटू नका. आधी ते शोधून यादी करा. लॉग, डेटाबेस आणि स्क्रीन यांना हात लावणारे थ्रेड पहिल्यांदा बदला, कारण अडकण्याचा धोका तिथे सर्वांत जास्त. एका वेळी एक थ्रेड बदला आणि रात्रभराची चाचणी पुन्हा चालवा. कोड तपासताना लिहिणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : हा थ्रेड थांबेल तेव्हा त्याच्या हातात काय असेल? 'काहीच नाही' हे उत्तर कोडमधल्या ओळीवर बोट ठेवून दाखवता आलं, की मग ते बटण शॉपवर जाऊ द्या.